दगडाचं चारित्र्य

१२ एप्रिल २०१५, रविवार

"बू एंतिन, तुमचा रक्तदाब मिठाने नाही, तोंडाने वाढतो," परवा आरोग्यकेंद्रातली नर्स मला म्हणाली. "राग आला की बोलायचं नाही, लिहून काढायचं." तिचं वय माझ्या मुलीएवढं, नेंदेनएवढं. पण गोळ्या तिच्या हातात, म्हणून ऐकून घेतलं. तेव्हा आजपासून माझा राग या वहीत. वही पुरली म्हणजे मिळवली.

खरं तर काल राग यायचं काही कारण नव्हतं. नेंदेनला मागणी घालायला बू हाजी रोहेती आल्या होत्या, पलीकडच्या गावच्या, ओपलच्या खाणीच्या मालकीण. फळांच्या टोपल्या, केळ्यांचे घड, कापडचोपड, गाड्या भरून माणसं. मुलगा हिल्मान बांधकामाच्या सामानाचं दुकान चालवतो. मान खाली घालून बसला होता. बरा वाटला. मशिदीतल्या उस्तादांनी रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "नेंग, पोरी, ही मागणी तुला मंजूर आहे का?" नेंदेन गप्प बसली. कुमारिकेचं मौन म्हणजे होकार, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. उस्ताद म्हणाले अल्हम्दुलिल्लाह, सगळे म्हणाले अल्हम्दुलिल्लाह, आणि ताटं वाढली. पोरगी गुणाची आहे. माझ्या वेळी मी मोठ्याने "हो" म्हणून बसले होते, तर आत्या मला कित्येक वर्षं त्यावरून हिणवायची.

राग आला तो नंतर. बू हाजींनी मखमली डबीतून अंगठी काढली. काळा कालिमाया. ओपलला आमच्याकडे हेच नाव. काळ्याभोर दगडात हिरव्या नि लाल ठिणग्या. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू? पण बाई म्हणाल्या काय, "सून घरात यायच्या आधी आमचा दगड तिच्याकडे राहायला जातो. तो तिला पारखतो. मुलगी चांगली असली की खुलतो. नसली तर..." आणि हसल्या. सगळे हसले.

मी हसले नाही. माझ्या पोरीची परीक्षा घ्यायला दगड? मी तोंड उघडलंच होतं, पण आबाहने मागून माझी ओढणी ओढली. आबाह म्हणजे माझा नवरा जुहदी. आयुष्यभर वडापची गाडी चालवून त्याला ब्रेक मारायची सवय झालीय.

१५ एप्रिल, बुधवार

जकार्तापासून इथपर्यंत सगळ्या देशाला दगडांचं वेड लागलंय. माझ्या खानावळीत पुरुष भात मागवतात, आणि मग टॉर्च काढून एकमेकांच्या अंगठ्यांत उजेड मारत बसतात. भात गार. सांबालच्या चटणीवर माश्या. एकाचा हिरवा दगड म्हणे जिवंत आहे, अंगावर घातला की वाढतो. एक पोलीस लाल खडा घालून फिरतो, त्याला गोळी लागत नाही म्हणे. गेल्या महिन्यात तोच मोटरसायकलवरून भाताच्या खाचरात पडून हात मोडून बसला होता. आणि तो जांभळ्या खड्याचा विक्रेता! "बू, हा बोटात घातला की बायका मागे लागतात." मी म्हटलं, "तुझी बायको पळून गेलीय ती आधी परत आण, मग मी दोन घेते."

आणि "विकत" हा शब्द वापरायचा नाही बरं का. दगडाला मेहेर द्यायचा, लग्नात बायकोला देतात तसा. म्हणजे दगडाचा मान माणसाच्या मुलीएवढा, आणि माणसाच्या मुलीची पारख दगड करणार! शुक्रवारी उस्तादांनी मशिदीत यावर चांगलं झोडपून प्रवचन दिलं असं आबाह सांगत होता. देताना त्यांच्या दोन्ही हातांत अंगठ्या होत्या.

आबाहच्या बोटात तीन. "एक पोटासाठी, एक रस्त्यासाठी," तो म्हणाला.

"आणि तिसरी?"

"तुझ्या तोंडासाठी."

"चालत नाही वाटतं."

"ती नसती तर काय झालं असतं, विचार कर."

घराच्या मागे माझा धाकटा भाऊ उकात दगड घासतो. बहुतेक काम बू हाजींच्या खाणीचंच. नेंदेन सेरांगच्या बुटांच्या कारखान्यातून रजा घेऊन आलीय, ती सारखी त्याच्या चाकापाशी बसलेली असते. आज विचारत होती, "मामांग, नुकताच काढलेला दगड फुटतो कशाने?" उकात सांगत होता की कच्च्या ओपलमध्ये पाणी असतं, तो वर्षानुवर्षं पाण्यात ठेवून हळूहळू पिकवावा लागतो, घाई केली, ऊन दाखवलं, की तडकला. नेंदेन अगदी कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "आणि माझा?" उकातला खोकला आला. "तुझा चांगला आहे," म्हणाला आणि चाक सुरू केलं.

सासरच्या वस्तूची एवढी काळजी आतापासून! मला बरं वाटलं.

२१ एप्रिल, मंगळवार

नेंदेनला लग्नाआधी शहाणपण सुचलंय. ओपाकचं वाळवण तिने स्वतःहून अंगावर घेतलंय. तांदळाच्या या पापड्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर वाळत घालायच्या म्हटलं की एरवी हिचं डोकं दुखायचं. आता ऐन उन्हात शिडी लावून चढते, सुपं फिरवते, पुन्हा चढते. रंग काळा पडेल म्हटलं तर ऐकत नाही. अंगठी बोटात का नाही विचारलं, तर म्हणाली, "जपून ठेवलीय, एमा."

संध्याकाळी मात्र उंबऱ्यावर बसली होती. ओरडून उठवलं. मुलगी उंबऱ्यावर बसली की आलेली मागणी आल्या वाटेने परत जाते. ही काही दगडवाल्यांसारखी अंधश्रद्धा नाही, अनुभव आहे. माझी चुलतबहीण बसायची, अजून बिनलग्नाची आहे.

"खरंच परत जाते, एमा?" नेंदेनने विचारलं.

"खरंच."

मी भात उतरवायला आत गेले. परत येऊन बघते तर पुन्हा तिथेच. आजकालच्या मुलींना वळण म्हणून नाही.

२७ एप्रिल, सोमवार

दगड फुटला.

सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असताना नेंदेन तळहातावर अंगठी घेऊन बाहेर आली. "एमा, बघ. तडा गेला." आरपार गेला होता. आतल्या ठिणग्या विझून दगड राखेसारखा पांढुरका झालेला. ती रडत नव्हती. बिचारीला धक्क्याने रडूही येईना.

आणि आणली कुठे, तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर! घरात बोलवायचं होतंस, म्हटलं. पण झालं ते झालं. टॉर्चवाले सगळे भात सोडून उठले. कुणी म्हणे दगडाने तिच्यावरचं संकट झेललं. कुणी म्हणे आतला जीव निघून गेला. आणि तो जांभळा विक्रेता हळूच म्हणाला, "बू हाजींच्या खाणीचा दगड मुलगी शुद्ध नसेल तर फुटतो, असं ऐकलंय."

त्याच्या ताटातला भात मी परत भांड्यात ओतला. ऐकलंय म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

३० एप्रिल, गुरुवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे.

बू हाजी आल्या होत्या. सोबत हिल्मान. चहाला हात लावला नाही.

"माझ्या घरात चार सुना आहेत, बू एंतिन. चौघींचे दगड शाबूत आहेत."

"दगड आहे, बू हाजी. फुटतो कधीकधी. ताटंही फुटतात."

"ताटाला कळत नाही. दगडाला कळतं." मग नेंदेनकडे बघून, अगदी गोड आवाजात, "कारखान्यात रात्रपाळी असते ना, नेंग? मुलंही असतील कामाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबाहने ओढणी धरली होती, ती मी त्याच्या हातात सोडून उठले. पण बाईंचं संपलं नव्हतं. त्यांच्या ओळखीचा एक बाबा आहे. नेंदेनने त्याच्याकडे जाऊन सात फुलांच्या पाण्याने अंघोळ करायची, आणि कुराणावर हात ठेवून चार माणसांसमोर सांगायचं की ती स्वच्छ आहे. मग त्या विचार करणार!

"माझी मुलगी भांडं आहे का धुऊन घ्यायला?" मी म्हटलं.

तेव्हा नेंदेन म्हणाली, "एमा, बू हाजींना नको वाटत असेल तर मोडू दे ना."

"तू गप्प बस!" मी म्हटलं. "तुझ्या वतीने मी बोलते."

ती गप्प बसली. आता हे मोडलं तर सगळं गाव म्हणणार की दगड खरा आणि पोरगी खोटी. हा डाग घेऊन ती जन्मभर जगणार? मी जिवंत असताना? लग्न होणार, आणि त्या बाईच्या तोंडून माफी मागून होणार. हिल्मान बिचारा चपलेत पाय घालताना मला हळूच "माफ करा" म्हणाला. दगड घालणाऱ्या घराण्यात एवढं एकच माणूस निघालं.

२ मे, शनिवार

उकातच्या चाकाची वायर मी काढून हातात घेतली आणि म्हटलं, "आता बोल. दगड तू घासला होतास."

आधी तो इकडचं तिकडचं सांगत बसला. मग खरं बाहेर पडलं. तो दगड याच वर्षी जमिनीतून निघालेला. ओला, कच्चा. पिकलेले जुने दगड होते तेवढे सगळे जकार्ताचे लोक उचलून घेऊन गेले, वेड लागलंय ना सगळ्यांना! घरात द्यायला उरला नाही. तेव्हा बू हाजी त्याला म्हणाल्या, "घास आणि बसव. सून काय दगड पारखणार आहे?"

म्हणजे पारख माझ्या मुलीची, आणि माल त्यांचा कच्चा!

"हे तू महिनाभर पोटात ठेवलंस? भाचीवर चिखल उडत होता तेव्हासुद्धा?"

"तेतेह, अगं ताई, मला काम देणार कोण? सगळे दगड त्यांचेच."

"मी भात देईन. भात खाऊन माणूस जगतं, दगड खाऊन नाही."

तो रडायला लागला. मला दया आली नाही. उद्या येईल कदाचित.

५ मे, मंगळवार

आज मी जे केलं ते लिहिताना हसू येतंय. रक्तदाब गेला खड्ड्यात.

ऐन दुपारी बू हाजींच्या घरी गेले. त्यांच्या अंगणात कच्चे दगड पाण्यात बुडवून ठेवलेल्या बादल्या असतात. आत न जाता मी त्यातला एक तुकडा उचलला, पुसला, आणि बशीत घालून उन्हात ठेवला.

"हे काय चाललंय?" बू हाजी ओसरीवर आल्या.

"काही नाही. हा बसू दे उन्हात, आपण बसू सावलीत. चहा सांगा. परवाचा राहिलाय."

काय करतात? खाणीवरची माणसं बघत होती, पडद्याआडून सुना बघत होत्या. चहा आला. मी भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिले, यंदाच्या उंदरांबद्दल बोलले. त्या नुसत्या "हं, हं" करत होत्या. दुसरा कप संपत आला तेव्हा बशीतून बारीकसा आवाज आला. टिक. मग पुन्हा टिक.

मी उठून बशी त्यांच्यापुढे धरली. दगडावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे.

"बू हाजी, या दगडाचं चारित्र्य कुणी बिघडवलं? मी तर तुमच्यासमोर बसले होते. आणि याला रात्रपाळीही नव्हती."

खाणीवरचा एक माणूस खाकरला, म्हणजे हसला. आणि मग पडद्याआडून आवाज आला. थोरल्या सुनेचा, सासूला उद्देशून. "माझाही फुटला होता, एमा. लग्नाआधीच. माझ्या वडिलांनी गुपचूप दुसरा बसवून आणला."

लगेच दुसरी म्हणाली, "माझाही."

बू हाजींचं तोंड बघण्यासारखं झालं. चार सुना, चौघींचे दगड शाबूत! मी सगळं बोलले. कच्चा माल दिलात, तो फुटल्यावर दोष आमच्या पोरीला. तिच्या रात्रपाळीवर गेलात. हजला जाऊन आलेल्या बाईच्या तोंडी हे शोभतं का? मी बोलत असताना त्या एकदाही मधे पडल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली. पिकलेला, त्यांच्या सासूच्या वेळचा कालिमाया. "चूक झाली माझी, विहीणबाई," सगळ्यांदेखत म्हणाल्या. "हा तिला द्या. मेच्या शेवटच्या रविवारी लग्न करू."

खरं सांगायचं तर बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मी जिंकले होते, मला तेवढंच दिसत होतं.

६ मे, बुधवार

नेंदेनच्या बोटात नवी अंगठी मी स्वतः घातली. तिला सगळा किस्सा रंगवून सांगितला. सुना कशा बोलल्या ते सांगताना मी हसून हसून लोळत होते. ती उठून आत गेली आणि रडली. खूप रडली. एवढा अपमान सोसल्यावर सुटकेचं रडू यायचंच.

आबाह रात्री म्हणाला, "तिला एकदा विचार."

"काय विचारू? लग्न तिचंच आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. हा माणूस दिवसात दोन वाक्यं बोलतो आणि दोन्ही अर्धी.

१० मे, रविवार

दुपारी आभाळ भरून आलं. नेंदेन आंघोळीला गेली होती म्हणून पापड्यांची सुपं काढायला मीच शिडीवर चढले. कडेच्या सुपातल्या पापड्या गोळा करताना बोटाला चटका बसला. पापड्यांखाली अंगठी होती. बू हाजींची.

मी तिथेच पत्र्यावर बसून राहिले. ती ओल्या केसांनी शिडीखाली येऊन उभी राहिली तेव्हा मी अंगठी वर धरली.

"हे काय आहे, नेंदेन?"

"हा नाही फुटत," ती म्हणाली. "मामांगने सांगितलं होतं, हा पिकलेला आहे, फुटणार नाही. तरी ठेवून बघितला."

"म्हणजे पहिलासुद्धा..."

"हो."

मी खाली उतरले. हात उचलला होता, मारला नाही, एवढंच. "मी तुझ्यासाठी त्या बाईच्या अंगणात जाऊन बसले! गावाशी भांडले, सख्ख्या भावाला रडवलं! आणि तू पत्र्यावर दगड भाजत होतीस?"

"तुला जा म्हणून मी नव्हतं सांगितलं, एमा."

"मग नको होतं तर तोंडाने सांगायचं! उस्तादांनी विचारलं होतं ना सगळ्यांसमोर?"

"मी गप्प बसले होते." आता ती थांबली नाही. "एवढी माणसं, एवढ्या टोपल्या. तू मागे बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. मला तोंडच उघडता येईना. मी गप्प बसले आणि तुम्ही सगळे अल्हम्दुलिल्लाह म्हणालात. मग मामांगकडून कळलं की कच्चा दगड उन्हात फुटतो. म्हटलं, दगडामुळे मोडलं तर कुणाचंच काही जाणार नाही. दगड 'नाही' म्हणाला की सगळे ऐकतात, एमा. आबाह ऐकतो, बू हाजी ऐकतात, सगळं गाव ऐकतं. तू एकटीच नाही ऐकलंस."

"त्या मुलात वाईट काय आहे?"

"काही नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"नाही गं. मला कारखान्यात लाइनची सुपरवायझर करणार आहेत. मला तिथेच राहायचंय. बू हाजींच्या ओसरीवर बसून दगड पुसत नाही बसायचं."

पाऊस आला. सुपं वरच राहिली, पापड्यांचा लगदा झाला. होऊ दे.

किती पानं भरली मी या वहीची! दगडाला कळत नाही, दगड बोलत नाही, लोक मूर्ख आहेत. आणि जिला कळतं, जिला बोलता येतं, ती माझ्यासमोर गप्प बसली होती तेव्हा मी काय केलं? अर्थ लावला आणि ताटं वाढली. बू हाजींनी दगड वाचला, मी पोरीची खाली घातलेली मान वाचली. ती तर वर म्हणत होती मोडू दे, तर मी तिला म्हटलं गप्प बस. काय शहाणी बाई मी! आज ज्याच्यावर ओरडावं असं माणूस शोधतेय, आणि फिरून फिरून माझ्यापाशीच येऊन थांबतेय. मला माझा एवढा संताप कधी आला नव्हता.

११ मे, सोमवार

सकाळी नेंदेन म्हणाली, "तूच सांग ना त्यांना, की हाही दगड अशुभ आहे. तुझ्या स्वप्नात आला म्हणून सांग."

"मी मरेन पण हे नाही सांगणार," मी म्हटलं. "चल माझ्याबरोबर."

आबाहने गाडी काढली. वाटेत एकही प्रवासी घेतला नाही.

बू हाजींनी अंगठी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली. "कुठेही तडा नाही. काय झालंय याला?"

"दगडाला काही झालेलं नाही. तुमच्या मुलातही काही खोट नाही. मुलगी नाही म्हणतेय."

"नाही म्हणतेय? कारण?"

"नको आहे तिला."

त्यांनी अंगठी मुठीत मिटली. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण त्या पुढे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे बाहेर कुठे बोलू नका. पहिला दगड फुटला होता ना? त्यामुळेच मोडलं असं सांगू. तुमचीही अब्रू राहील, माझीही. दगडाचं काय, त्याला काय लागतंय?"

माझं मन डळमळलं. खोटं लिहून काय करू? किती सोपं होतं! मुलीने भरल्या घरातल्या मागणीला लाथ मारली, हे सांगण्यापेक्षा दगड फुटला हे सांगणं किती बरं. कदाचित पुढेमागे कुणी तिला मागणीही घालेल. आणि पोरीला पहिल्यापासून हेच तर हवं होतं. मी तिच्याकडे बघितलं. काही बोलले नाही. ही एवढीच गोष्ट मी या महिन्यात धड केली.

"नको, बू हाजी," नेंदेन म्हणाली. "मी नाही म्हटलंय, असंच सांगा."

आवाज बारीकसा, पण पडद्यापर्यंत पोचला.

मग मात्र बू हाजी उसळल्या. कारखान्याने बिघडवलेली पोर, आईने शेफारवलेली पोर, हिच्यासाठी सासूच्या वेळचा दगड बोटातून काढला मी! त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. फाटकापर्यंत हिल्मान आला. नेंदेनला म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं काहीच चुकलं नाही."

त्याने मान हलवली आणि फाटक उघडून धरलं. गाडीत बसल्यावर आबाहने आपल्या तिन्ही अंगठ्यांसकट नेंदेनचा हात धरला आणि एका हाताने गाडी चालवली.

१९ मे, मंगळवार

आठवडाभर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर नर्सच्या गोळ्या कमी पडल्या असत्या.

मी सगळ्यांना सांगतेय. मुलीने नको म्हटलं. लोक मान डोलावतात, "हो का, हो का," करतात, आणि टॉर्चवाल्यांच्या बाकड्यावर जाऊन म्हणतात, "बघा, दगडाला आधीच कळलं होतं." दगड फुटला, लग्न मोडलं. झालं! त्यांच्या लेखी मधे काही घडलंच नाही. बशीतला दगड फुटला, सुना बोलल्या, ते सगळं कुठल्या कुठे. उलट ऐकते की बू हाजींच्या खाणीला आता जास्तच भाव आलाय. भविष्य सांगणारे दगड! उकातला इतकं काम आलंय की मान वर करायला फुरसत नाही. माझ्याशी बोलताना तेवढी मान खाली घालतो.

उस्तादांना मात्र मी गाठलं होतं. म्हटलं, यापुढे या गावात मुलीला विचाराल तेव्हा ती तोंडाने बोलेपर्यंत ताटं वाढू देणार नाही मी. ते म्हणाले, रीत आहे, बू. मी म्हटलं, बोटांतल्या अंगठ्यांचीही रीतच होती का? त्यांनी हात मागे घेतले.

नेंदेन आज पहाटेच्या बसने सेरांगला गेली. डब्यात भात आणि सुकी मासळी दिली. "एमा, लोक फार बोलतील का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, बोलतील. मग तिने मला मिठी मारली आणि बसमध्ये चढली. मला रडायचं होतं, पण खानावळ उघडायची वेळ झाली होती.

दहाच्या सुमारास रांकासच्या बाजारातून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, चार अंगठ्या. भात मागवला नाही. अगदी अदबीने बसला आणि म्हणाला, "बू, ज्या दगडाने लग्न मोडायचं आधीच सांगितलं, तो तुमच्याकडे आहे असं कळलं. तुम्ही म्हणाल तो मेहेर देतो."

सगळी बाकडी कान टवकारून बसली.

"दगड काही बोललेला नाही," मी म्हटलं. "माझी मुलगी बोलली. तिने सगळ्यांसमोर, त्यांच्या घरी जाऊन, तोंडाने नाही म्हणून सांगितलं. ऐकताय का तुम्ही? माझी मुलगी बोलली!"

"असेल, असेल, बू," तो समजूत काढल्यासारखं म्हणाला. "आहे का मग घरात?"

"नाही," मी म्हटलं. "सकाळीच कामावर गेली."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"कोण?" त्याने विचारलं.